मी पुढच्या दाराने गेले

११ फेब्रुवारी

आक्का,

सुरुवात कशी करायची यात दोन कागद फाडले. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही चष्मा काढून पुसला असता आणि म्हणाला असतात, ताईंना बरं वाटत नाहीये. म्हणून नुसतं आक्का. आईनं तुम्हाला स्वतःची थोरली बहीण समजून आक्का म्हणायला सुरुवात केली, तिचं ऐकून मीही म्हणू लागले, आणि तुम्ही तर पहिल्या दिवसापासून आईला आजी आणि मला ताई म्हणत आलात. सहा वर्षं एका घरात राहून आपल्या दोघींत थोरली कोण, ते काही शेवटपर्यंत ठरलं नाही.

आईच्या देखभालीला तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी पत्ता दिला. आधी देत नव्हत्या. "त्या आता पेशंट घेत नाहीत, आणि आमच्या यादीवरही नाहीत," म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांचं सामान राहिलंय माझ्याकडे. ते खोटं नाही. तुमची हिरवी शाल आणि वाचायचा जुना चष्मा आईच्या कपाटात खालच्या खणात आहे. तुमचा फोननंबर बदललाय. जुना असता तरी मी फोन केला नसता. फोनवर मला जमलं नसतं.

मी बरी आहे. दवाखान्यात तेच चाललंय. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. परवा एक निवृत्त मास्तर आले होते. मी अजून मशीन सुरूसुद्धा केलं नव्हतं, वायरच शोधत होते, आणि हे आपले बटण दाबतायत, दाबतायत. मी म्हटलं, "सर, अजून आवाज सोडला नाही." तर म्हणाले, "मग मला हे काय ऐकू येतंय?" आमचे कानाचे डॉक्टर आतून मोठ्यानं हसले. मला काही हसू आलं नाही.

सायकल चालू आहे. रोज साडेपाचला निघते. चौदा महिन्यांत सात की आठ खाडे झाले असतील, तेही तापामुळे. ओळखीचे सगळे म्हणतात, बरं केलंस, आई गेल्यावरही सायकल सोडली नाहीस, पक्ष्यांत मन रमतं तुझं. दादा तर फोनवर दरवेळी म्हणतो, "तुला काहीतरी छंद आहे ते किती बरं." मी हो म्हणते. तुम्हाला आठवत असेल, हे सुरू कसं झालं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब असाच राहिला तर आईच्या आधी तुम्हालाच झोपवावं लागेल, रोज एक तास घराबाहेर पडा, कुणाचीही काळजी न करता. मी म्हटलं, कसं जमणार? तर तुम्हीच मला जवळजवळ ढकललंत. "जा हो ताई, मी आहे ना."

तळ्यावर आता पाणी कमी झालंय. राखी बगळा एकटाच उभा असतो, देणेकऱ्यासारखा मान आत घालून. खंड्याची जोडी आहे. काठावर धोबी शेपटी हलवत हिंडतात. पोस्टमनकाका रोज मचाणावर माझ्याआधी हजर. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, पण मी घरी येऊन सांगायची ते, पस्तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले. भलत्याच देशातला एखादा पक्षी चुकून इथे उतरला की ते म्हणतात, "हा पत्ता चुकलेला दिसतोय, परत पाठवायला हवा."

हे सगळं मी दुसरंच काही लिहायचं टाळण्यासाठी लिहितेय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आईचं सगळं तुमच्या लक्षात यायचं, माझंही यायचं.

तुम्ही घर सोडून गेलात त्या दिवशी जिन्यापाशी माझे दोन्ही हात धरलेत आणि रडलात. मी तुम्हाला काय म्हटलं, आठवतं? मी म्हटलं, "जाऊ द्या आक्का, माणसाच्या हातून चूक होते. मी तुम्हाला माफ केलंय."

हे मी म्हटलं होतं. आज एवढंच लिहिते.

तुमची
ताई


२ मार्च

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. शाल आणि चष्मा पार्सलनं पाठवले, ते मिळाले असावेत.

आता सांगते. उभ्या उभ्या लिहितेय, ओट्यापाशी. बसले तर पुन्हा बगळ्यावर घसरेन.

त्या दिवशी सकाळी मागच्या दाराची कडी मी काढली होती. मी काढली आणि मी लावली नाही.

तुम्हाला आपला नियम माहीतच आहे, तुम्हीच तो घालून दिला होतात. सायकल मागच्या पडवीत असते. ती मागच्या दाराने गल्लीत काढायची, परत आत यायचं, वरची कडी लावायची, जी आईच्या हाताला पोचत नाही, म्हणजे ती भान विसरून बाहेर पडायची नाही, आणि मग पुढच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून सायकल घ्यायची. पुढचं दार ओढलं की आपोआप बंद होतं. दोन मिनिटांचं काम. दीड वर्ष मी रोज केलं.

आदल्या दिवशी पोस्टमनकाकांनी सांगितलं होतं, तळ्यावर चमचे उतरलेत. पांढरे शुभ्र, बगळ्याहून मोठे, चोच थेट चमच्यासारखी, पुढे चपटी. ते आमच्या तळ्यावर नऊ वर्षांत आले नव्हते. काका म्हणाले, "ऊन वर आलं की उडतील. उद्या उशीर करू नकोस." मला जाग आली तेव्हा पावणेसहा झाले होते. गजर मी झोपेतच बंद केला असणार. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत तुमचं घोरणं ऐकू येत होतं. मी सायकल गल्लीत काढली, दार नुसतं ओढून घेतलं, आणि मनात म्हटलं, एक दिवस काय होतंय.

अगदी हेच शब्द. एक दिवस काय होतंय.

मी पावणेआठला परत आले तेव्हा तुम्ही गल्लीत अनवाणी उभ्या होतात. मागचं दार सताड उघडं. तुम्ही म्हणालात, "आजी नाहीत." नऊ वाजता पाणीपुरवठ्याचा पंपवाला आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तळ्याच्या आपल्याकडच्या काठाला, पाणकणसांत, गुडघाभर पाण्यात. गुडघाभर, आक्का. उभं राहायचं लक्षात असतं तर ती उभी राहिली असती.

दुपारी दादा आला. त्यानं बूटही काढले नव्हते. पहिला प्रश्न, "मागचं दार कोणी उघडं ठेवलं?" माझ्याकडे बघून विचारलं त्यानं. आणि मी म्हटलं, "मी रोजच्यासारखी पुढच्या दाराने गेले."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मीच ते ऐकलं. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल, नाही ताई, गल्लीत टायरचा आवाज आला, पुढच्या दाराचा आलाच नाही. तुम्ही झोपेत होतात. दादा तुमच्याकडे वळला. तुम्ही म्हणालात, "काल संध्याकाळी चादर वाळत घालायला मी मागे गेले होते. मग कडी लावली." मग थांबलात. मग म्हणालात, "बहुतेक लावली."

त्या 'बहुतेक'वर दादानं तुम्हाला काय काय ऐकवलं. सहा वर्षं आईचे केस विंचरणारा हात, त्याच्यावर तो ओरडला. मी तिथेच होते. मी पाणी आणायला आत गेले.

तुम्ही कडी लावली होतीत. मला पक्कं माहीत आहे, कारण सकाळी ती मी काढली. घट्ट बसली होती, मला चवड्यांवर उभं राहून दोनदा ओढावी लागली.

नंतर दादानं संस्थेला पत्र लिहिलं, त्यावर सही माझीही होती. आणि जिन्यात मी तुम्हाला माफ केलं.

मी रोज ठरवलं, उद्या सांगते. पहिले आठ दिवस. मग महिना झाला, मग वाटलं, आता सांगितलं तर लोक विचारतील इतके दिवस का नाही सांगितलं. मग ते न सांगण्याचंच एक घर झालं आणि मी त्यात राहायला लागले.

ताई


१९ मार्च

आक्का,

तुम्ही दुसरं पत्र वाचलंत की नाही, कळायला मार्ग नाही. पण त्यात मी सगळं सांगितलं नाही. दाराचं सांगितलं. दाराचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं, असं आता वाटतं.

त्या दिवशी मी मचाणावर पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. आपल्या मागच्या गल्लीनं तळ्याचा काठ चालत जवळ आहे, पण मचाण आहे पलीकडच्या काठाला, तिथे जायला रस्त्यानं चार किलोमीटरचा वळसा. चमचे होते. अकरा. धुकं पाण्यावर होतं आणि ते त्यात ओळीनं चालत होते, चोची पाण्यात इकडून तिकडे फिरवत, शेतात विळा फिरवावा तशा. मी इतकी खुशीत होते की काकांनी थर्मासमधला चहा पुढे केला तो घ्यायचंही सुचलं नाही. आईच्या आजारपणात सहा वर्षांत मी तेवढी खुशीत कधी नव्हते. ते मी नाकारणार नाही.

साडेसहाच्या सुमाराला समोरच्या काठाकडून आवाज आला. दोन सुरांचा. पहिला आखूड, दुसरा लांब, शेवटी थोडा वर चढणारा. थांबून पुन्हा. मी काकांना विचारलं, "हा कोण?" ते दुर्बिणीतून चमचे मोजत होते. म्हणाले, "पाणकोंबडी असेल. गवतात असतात त्या." मी म्हटलं, पाणकोंबडी अशी नाही ओरडत. तरी वहीत लिहिलं. वही माझ्यासमोर आहे. 'सहा बत्तीस. अनोळखी आवाज, दोन सूर, दुसरा लांब. समोरच्या पाणकणसांतून. चार वेळा.' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

माझा धंदा काय, आक्का? लोकांना काय ऐकू येतं आणि काय नाही हे सांगणं. बावीस वर्षं तेच केलं.

आई मला लहानपणी चिमे म्हणायची. तुम्ही ते कधी ऐकलं नसेल. तुम्ही आलात तोवर ती मला कधी बाई म्हणायची, कधी नर्स, एकदा तर मास्तरीणबाई. चिमे हे तिच्या तोंडून मी कित्येक वर्षं ऐकलं नव्हतं. लहानपणी संध्याकाळी दारात उभी राहून हाक मारायची तेव्हा 'चि' आखूड असायचा आणि 'मे' लांब, शेवटी वर चढलेला. आख्खी गल्ली हसायची.

हे मला त्या दिवशी सुचलं नाही. तिला नेऊन झाल्यावर, पाचव्या दिवशी, मी आंघोळीचं पाणी काढत होते आणि एकदम ते दोन सूर कानात आले. मी बादलीशेजारी खाली बसले.

तेव्हापासून मी रोज तळ्यावर जाते ती पक्षी बघायला नाही. तो आवाज पुन्हा ऐकायला जाते. त्याच वेळी, त्याच जागी. कारण तो पक्षी असला, खरंच असला, तर तो कधीतरी पुन्हा ओरडेल. मग मी काकांना म्हणेन, बघा, हाच. मग घरी येऊन झोपेन. पंधरा महिने मी एका पाखराची वाट बघतेय की त्यानं येऊन सांगावं, मीच होतो तो. किती आवाज शिकले! टिटवीचे तीन प्रकार, पाणकोंबडीचे पाच. पहाटेचा पाणकावळा घसा खाकरतो तोही ओळखू येतो. हा नाही. काकांना वाटतं मी फार मोठी पक्षीनिरीक्षक झाले. काल त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "हिच्यासारखा कान नाही कुणाचा."

ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, उद्या एक काम कराल? तुम्ही इथेच बसायचं. साडेसहाला समोरून आवाज येईल. तो कसला वाटतो ते फक्त सांगायचं." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, आत काय आहे हे विचारायची सवयच नाही त्यांना.

आज सकाळी मी आपल्या बाजूच्या काठाला गेले. अगदी पाण्याशी नाही, बांधावर, पंपघराजवळ. त्या पलीकडे पाय गेला नाही. वारा नव्हता. मी हाक मारली. चार वेळा. स्वतःच्याच नावानं हाक मारणं किती विचित्र असतं, ते मी सांगू शकणार नाही.

मग सायकलवर वळसा घालून मचाणावर गेले. वीस मिनिटं लागली. काका खाली उतरून माझी वाट बघत होते. चेहरा उतरला होता. म्हणाले, "काय झालं गं? पडलीस की काय? मी निघणारच होतो."

मी विचारलं, "कसला आवाज वाटला?"

"कसला म्हणजे? बाईमाणूस. कुणीतरी कुणाला हाक मारतंय." मग म्हणाले, "पहिल्या हाकेलाच कळलं. का, कळायला नको होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांच्याही लक्षात आलं. त्या दिवशी पाणकोंबडी म्हणाले होते ते. मोजता मोजता. थर्मासचं झाकण ते किती वेळ नुसतं फिरवत बसले. मला त्यांनाही यात ओढायचं नव्हतं.

त्या दिवशीची हाक पहिल्या वेळेला ऐकली तेव्हाच मी सायकलवर बसले असते, तरी वीस मिनिटं लागली असती. उपयोग झाला असता की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना मी विचारलेलं नाही.

रविवारी मी तुमच्याकडे येतेय. घरात घेतलं नाहीत तर बाहेरूनच परत जाईन.

ताई


६ एप्रिल

आक्का,

निघताना तुम्ही म्हणालात, "आता जा. बोलायला नको. लिहिलंत तर वाचेन." म्हणून लिहिते. त्या दिवशी मला जे नीट ऐकू आलं आणि जे नीट समजलं नाही, ते दोन्ही.

तुमचं दार तुम्ही उघडलंत तेव्हा आधी वरची कडी, मग खालची, मग मधला बोल्ट, मग कुलूप, असे चार आवाज आले. तिसऱ्या मजल्यावर एकट्या बाईच्या खोलीला आतून चार. मी तिथेच परत फिरणार होते. तुम्ही म्हणालात, "या. बसा." खोलीत एकच खुर्ची होती, ती मला दिलीत. तुमच्या हातांना लाँड्रीच्या साबणाचा वास येत होता आणि बोटं पांढरी पडली होती. विश्रामगृहाच्या चादरींच्या घड्या, दिवसाला दोनशे.

"वाचलीत पत्रं?" मी विचारलं.

"दुसरं तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय."

मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही पलंगाच्या कडेला बसलात, गुडघ्यांवर हात ठेवून, आईच्या खोलीत बसायचात तशा.

"माझी आई माझ्याकडे राहायला येणार होती," तुम्ही म्हणालात. "आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तिलाही तसंच विसरायला व्हायला लागलं होतं. भाऊ म्हणाला, तू एवढी दुसऱ्यांची सेवा केलीस, आता तिला ने. मी म्हटलं, माझ्याकडे नको. माझ्या हातांचा भरवसा नाही. ती त्याच्याकडेच राहिली. जूनमध्ये गेली. मला विचारायची म्हणे, सारखी. मी गेले नाही. गेले आणि काही झालं तर?"

तुम्ही हे मोठ्यानं बोललाच नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आक्का, मी काय करू?"

"मला माफ केलं होतंत ना जिन्यात?"

"हो."

"ती माफी आधी परत घ्या. मला नको ती. मी सव्वा वर्ष ती अंगावर घालून हिंडतेय."

मी म्हटलं, "घेतली." तुम्ही मान हलवलीत, जसं औषध दिल्यावर वहीत खूण करायचात.

मग तुम्ही विचारलंत, "दादांना सांगितलं?" मी नाही म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. "मग मला एकटीलाच सांगून काय मोकळं व्हायला आलात? मी काय तुमचं तळं आहे, रोज सकाळी यायचं आणि बरं वाटून घ्यायचं?"

ते बरोबर होतं. दादाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, हाकेचंसुद्धा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू पुढच्या दाराने गेलीस म्हणाली होतीस." मी म्हटलं, हो, म्हणाले होते. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून केलेला नाही. संस्थेला मी स्वतः जाऊन लेखी दिलं, त्यात कडी कोणी लावली होती आणि कोणी काढली हे स्पष्ट लिहिलंय, आणि आधीचं पत्र खोटं होतं हेही. बाईंनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं आणि तुमच्या कागदांत लावलं. त्या तुम्हाला फोन करतील. काम घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात काही म्हणणार नाही.

आता ते, जे तुम्ही मला दाराशी सांगितलंत. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले होते आणि तुम्ही मागून म्हणालात, "ताई, माझंही एक आहे."

तुम्ही म्हणालात, आदल्या रात्री झोपताना आईनं विचारलं, "चिमी रोज सकाळी कुठे जाते?" तुम्हाला वाटलं, कुणी जुनी मैत्रीण असेल. तुम्ही विचारलंत, चिमी कोण? तर म्हणाली, "माझी धाकटी. सायकल घेऊन जाते." मग तुम्ही सांगितलंत, तळ्यावर जातात हो, मागच्या बाजूला, पक्षी बघायला. ती म्हणाली, "मला नाही नेत." तुम्ही म्हणालात, "नेतील हो एक दिवस. झोपा आता."

हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. पोलिसांनाही नाही, दादालाही नाही. "मी वाट दाखवली त्यांना," तुम्ही म्हणालात.

मी जिन्यात उभी होते आणि तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं, जाऊ द्या, तुमची काय चूक, असलं. ते मी गिळलं. एकदा मी तुम्हाला असलं काहीतरी देऊन बसले आहे. तुम्ही फक्त म्हणालात, "तळं कसंय तेसुद्धा मी बघितलं नाही. डोळ्यांपुढे येतं ते समुद्राएवढं येतं." आणि दार लावलंत. चारही आवाज मी मोजले.

काल सकाळी मी सायकल काढलीच नाही. मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीतून चालत गेले, ती गेली तशी. सगळे दिवस मी वळसा घालूनच गेले होते, हाक मारली त्या दिवशीही सायकलवर आणि बांधापर्यंतच; ही वाट एकदाही चालले नव्हते. गल्ली संपते, मग पंपघर, मग बांध. बांधावरून खाली उतरायला पायवाट आहे, सोपी आहे. सावकाश चालले तरी चौदा मिनिटं लागली. मी पाणकणसांपर्यंत गेले. या वेळी पाय गेला. तळं लहान आहे, आक्का. तुम्हाला वाटतं तेवढं मुळीच नाही. शाळेच्या मैदानाएवढं असेल. पाणी आता काठापासून मागे हटलंय, चिखलावर बगळ्याच्या पावलांचे ठसे होते.

मी तिथे उभी राहिले आणि समोर बघितलं. मचाण थेट समोर येतं. काका वर बसले होते, त्यांची टोपी दिसत होती, थर्मास दिसत होता. दुर्बीण लागली नाही. त्या दिवशी धुकं पाण्यालगत होतं, वर मोकळं होतं, ते मला पक्कं आठवतं, आणि मी मचाणावर उभी होते, सायकलवर घालायला दवाखान्यातून मिळालेलं पिवळं जॅकेट घालून. कुणालाही दिसावं म्हणूनच ते पिवळं असतं.

मी इतके दिवस समजत होते की ती वाट चुकली, घाबरली, अंधारात कुणालाही हाक मारत सुटली. तसं नव्हतं. तिला मी दिसत होते. नाव आठवलं होतं, वाट आठवली होती, आणि ती येऊन पोचली होती. मध्ये फक्त पाणी होतं, आणि ती माझ्याकडे यायला निघाली.

हे कळून बरं वाटलं की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही. काल दिवसभर दवाखान्यात लोकांचे कान तपासले. कामात चूक झाली नाही. संध्याकाळी घरी आले आणि मागचं दार उघडं टाकून पडवीत बसले, पार अंधार पडेपर्यंत. कुणी आलं नाही.

तुम्हाला तळं बघायचं असेल तर या. मला भेटायला म्हणून नको, तळं बघायला म्हणून या. गल्लीनंच जाऊ, चालत. पायवाटेला एके ठिकाणी दगड निसटता आहे, तिथे माझा हात धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पोचल्यावर मी काही बोलणार नाही. तुम्हाला तिला काही सांगायचं असेल, मला काही ऐकवायचं असेल, तर मोठ्यानं बोला, तिथे कुणी नसतं. समोर काका असतील, पण ते आता दुर्बीण बाजूला ठेवून ऐकतात.

तुमच्याकडून पहिली बस पावणेसहाला सुटते, रविवारीही. मी दर रविवारी थांब्यावर असेन.

चिमी